मॉर्फिन म्हणजे शेवट नव्हे

‘इतक्यात मॉर्फिन नको. ते अगदी शेवटी देतात ना?’ कर्करोग झालेल्या माणसाच्या घरात हे वाक्य कधी मुलगा म्हणतो, कधी बायको, पुष्कळदा रुग्ण स्वतःच. त्यामागे माया असते आणि धास्तीही. पण या एका समजापायी माणसं रात्रीच्या रात्री बसून काढतात, कारण आडवं झालं की पाठ ठणकायला लागते. कर्करोगाच्या वेदनेवर पन्नास वर्षांहून अधिक काळ रुग्णांच्या साथीनं संशोधन झालं आहे. त्यातून मिळालेली बरीचशी उत्तरं पक्की आहेत. ती घराघरांत पोचलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

‘कॅन्सर म्हटला की दुखणारच, सोसायला हवं,’ असं आपण सहज म्हणून जातो. जगभरातले अभ्यास एकत्र करून 2016 साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. उपचार चालू असलेल्यांपैकी सुमारे 55 टक्के आणि आजार पसरलेल्यांपैकी सुमारे 66 टक्के रुग्णांना वेदना होत्या. म्हणजे आजार पसरलेला असूनही साधारण तिघांतल्या एकाला दुखत नव्हतं. दुसरीकडे, बरं करणारे उपचार पूर्ण झालेल्यांतही 39 टक्क्यांना दुखत होतं. गाठ गेली म्हणजे दुखणं गेलं, हाही समज मग टिकत नाही. ऑपरेशनमध्ये दुखावलेली नस किंवा केमोनं बधिर झालेले तळपाय यांची वेदना नंतरही मागे राहते, आणि तिच्यावर वेगळे उपचार लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 साली तीन पायऱ्यांची एक शिडी आखून दिली. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी औषधं, मध्यम दुखण्याला कोडीनसारखी सौम्य अफूवर्गीय औषधं आणि तीव्र दुखण्याला मॉर्फिन. शक्य तिथे औषध तोंडानं द्यायचं आणि घड्याळ बघून द्यायचं, दुखणं उसळण्याची वाट पाहायची नाही. या शिडीनं लाखो लोकांना आराम दिला. मात्र तिच्यातून एक नवा समजही रुजला, की प्रत्येकानं प्रत्येक पायरी चढायलाच हवी आणि मॉर्फिन सगळ्यांत वरचं, म्हणून सगळ्यांत शेवटचं.

इटलीतल्या संशोधकांनी हे थेट तपासलं. आधी अफूवर्गीय औषधं न घेतलेल्या, मध्यम वेदना असलेल्या 240 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला मधल्या पायरीची औषधं दिली, दुसऱ्याला सुरुवातीपासूनच मॉर्फिनचा कमी डोस. 28 दिवसांत वेदना किमान पाचव्या हिश्शानं कमी झाली, असं मॉर्फिनच्या गटातल्या 88 टक्के रुग्णांनी सांगितलं, दुसऱ्या गटातल्या 58 टक्क्यांनी. दुष्परिणाम दोन्हीकडे साधारण सारखेच होते. हा अभ्यास 2016 साली छापून आला. त्यानंतरच्या नव्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेनंही शिडीचं काटेकोर बंधन ठेवलेलं नाही. औषध निवडायचं ते दुखणं किती तीव्र आहे ते पाहून. आयुष्याचे किती दिवस उरलेत, या हिशेबाचा त्याच्याशी संबंध नाही.

कोडीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. कोडीन शरीरात गेल्यावर त्याच्या काही भागाचं मॉर्फिन होतं, आणि त्याचा गुण बहुतांशी त्यामुळेच येतो. हा बदल घडवणारं विकर काही माणसांत जन्मतःच काम करत नाही, त्यांना कोडीन फारसं लागूच पडत नाही. अशा माणसाला ‘एवढं औषध देऊनही कण्हताय’ म्हणणं हा अन्याय आहे.

सगळ्यांत खोल भीती ही, की मॉर्फिन सुरू केलं आणि माणूस गेला. हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून ते खोटं ठरवणं अवघड जातं. पण मॉर्फिन बहुतेकदा आजार फार पुढे गेल्यावरच सुरू होतं. मरण आजारानं येतं आणि नाव औषधाचं होतं. अमेरिकेत अखेरच्या काळात शुश्रूषा करणाऱ्या (हॉस्पिस) संस्थांच्या देखरेखीखालच्या 725 रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. कोण किती दिवस जगलं यातल्या फरकाचा अगदी थोडा भाग अफूवर्गीय औषधांशी जोडता आला, बाकी सारं आजाराशी आणि इतर कारणांशी निगडित होतं. मॉर्फिन श्वास मंदावू शकतं हे खरं आहे. म्हणूनच डोस थोडा ठेवून सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध किंवा डोस बदलतात. एकाचं मॉर्फिन दुसऱ्यानं घेणं मात्र जिवावर बेतू शकतं. ते कुलपात आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवायचं ते यासाठीच.

‘सवय लागेल’ ही भीती आपल्याकडे कायद्यानंही पोसली. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर रुग्णालयांना मॉर्फिन ठेवायचं तर राज्य सरकारचे चार-पाच परवाने लागत, आणि ते सगळे एकाच वेळी वैध असावे लागत. अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. सरकारी परवान्यानं अफूची शेती जिथे होते, ते मध्य प्रदेश आणि राजस्थान आपल्याच देशात. त्याच देशातला रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिला. कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागातून घरी घेण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली आणि नोंदी ठेवल्या. दोन वर्षांत 1723 रुग्ण. गैरवापराची किंवा औषध बाहेर विकलं गेल्याची एकही घटना त्यांना आढळली नाही. 2001 मध्ये हा अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि 2014 साली संसदेनं कायदा सुधारून मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी वाट सोपी केली. माझ्या मते आपल्या देशातल्या वेदनाशमनाच्या इतिहासात याहून मोलाचा अभ्यास क्वचितच झाला असेल.

औषध अचानक थांबवलं तर शरीराला त्रास होतो, म्हणून ते उतरवत बंद करतात. याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसनात माणूस नशेसाठी औषधामागे धावतो. इथे तो झोप लागावी, दोन घास खाता यावेत, नातवंडाला मांडीवर घेता यावं म्हणून औषध घेतो. पूर्वी दारूचं किंवा इतर व्यसन असलेल्यांत आणि बरे होऊन दीर्घकाळ जगणाऱ्यांत धोका अधिक असतो. तिथे डॉक्टर अधिक बारकाईनं लक्ष ठेवतात.

हाडात पसरलेल्या आजारात मॉर्फिनइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे रेडिएशन, लोक ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. जास्त दिवस घेतलं म्हणजे जास्त गुण येणार, असं वाटणं साहजिक आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे 900 रुग्णांच्या चाचणीत एका गटाला एकाच बैठकीत 8 ग्रे मात्रा दिली आणि दुसऱ्याला दहा बैठकींत मिळून 30 ग्रे. तीन महिन्यांनी दोन्ही गटांतल्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांना सारखाच आराम होता. एका बैठकीच्या गटात पुन्हा रेडिएशन घ्यावं लागलेले जास्त निघाले, 18 टक्के. दुसऱ्या गटात 9. पण लगेचचे त्रास एका बैठकीच्या गटात कमी होते. विदर्भातून किंवा कोकणातून मुंबईत परळच्या कॅन्सर रुग्णालयात येऊन धर्मशाळेत किंवा फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबाला एक दिवस आणि दोन आठवडे यांतला फरक केवढा मोठा, हे वेगळं सांगायला नको. मणक्यातल्या गाठीनं मज्जारज्जूवर दाब आला असेल किंवा हाड मोडायला आलं असेल तर गोष्ट वेगळी. पण साध्या हाडदुखीसाठी ‘एकाच वेळेत होईल का?’ असं रुग्णानं अवश्य विचारावं.

चाचणी म्हणजे आपल्यावर प्रयोग, दुखत असताना साखरेची गोळी देऊन बसवणार, असंही लोकांना वाटतं. ऑस्ट्रेलियातली केटामिनची चाचणी बघा. इतर औषधांना दाद न देणाऱ्या वेदनेत केटामिन अनेक डॉक्टर देत होते, अनुभवाच्या भरवशावर. 185 रुग्णांना केटामिन किंवा बिनऔषधी द्रावण दिलं, पण सगळ्यांची नेहमीची वेदनाशामकं चालूच होती आणि मध्येच दुखणं उसळलं तर जादा डोसही मिळत होता. केटामिनच्या गटात 31 टक्क्यांना गुण आला, दुसऱ्या गटात 27 टक्क्यांना, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. दुष्परिणाम मात्र केटामिनच्याच गटात अधिक. या निकालामुळे पुढच्या कितीतरी रुग्णांचा भ्रम आणि गुंगीचा त्रास वाचला असेल. उलट केमोनंतरच्या हातापायांच्या जळजळीवर ड्युलॉक्सेटिन हे औषध 231 रुग्णांवर तपासलं, तेव्हा 59 टक्क्यांची वेदना कमी झाली, बिनऔषधी गोळीनं 38 टक्क्यांची.

मॉर्फिनचा खरा, हमखास त्रास म्हणजे बद्धकोष्ठता. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रेचकही सुरू करायचं असतं. पोट साफ होत नाही म्हणून मॉर्फिन सोडणारे रुग्ण खूप आहेत. रेचकाचा डोस वाढवला असता तर त्यांना ते सोडावं लागलं नसतं.

डॉक्टरांकडे जाताना ‘फार दुखतं’ एवढ्यावर थांबू नका. कुठे दुखतं, ठणका आहे की जळजळ, शून्य ते दहात किती, रात्री जाग येते का, गोळीनं किती तास बरं वाटतं, हे चार-पाच दिवस कागदावर लिहून न्या. दुखण्याचं सांगितलं तर डॉक्टरांचं लक्ष मूळ आजारावरून उडेल, असं मनात आणू नका. दुखणं अचानक वाढलं, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.