बाष्प-उत्सर्जन सूचक दिवा, मोटारगाडीतील

बाष्प-उत्सर्जन सूचक दिवा, मोटारगाडीतील : पेट्रोलच्या टाकीतील बाष्प हवेत जाऊ न देता ते एंजिनात जाळणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाल्यास चालकासमोरील फलकावर लागणारा पिवळा दिवा. बहुतेक गाड्यांत यासाठी स्वतंत्र दिवा नसतो. एंजिनाच्या आकृतीचा एकच दिवा उत्सर्जनविषयक सर्व दोषांसाठी वापरतात. त्यामुळे दिवा लागल्यावर नेमका दोष निराळ्या तपासणीने ठरवावा लागतो.

रचना व कार्य : पेट्रोल बाष्पनशील असल्याने गाडी उभी असतानाही टाकीत बाष्प साचते. ते नळीवाटे संस्कारित कोळशाच्या डबीत जाते व कोळशाच्या पृष्ठभागावर धरून ठेवले जाते. एंजिन तापल्यावर नियंत्रक संगणक एक विद्युत् झडप उघडतो. एंजिनातील चोषणाने डबीच्या श्वासमार्गातून ताजी हवा आत येते आणि बाष्प तिच्याबरोबर एंजिनात जाऊन जळते. ते हवेत मिसळले, तर त्यातील हायड्रोकार्बने सूर्यप्रकाशात नायट्रोजनाच्या ऑक्साइडांशी विक्रिया पावून जमिनीलगत ओझोन निर्माण करतात. बेंझिनासारख्या घटकांमुळे कर्करोगाचा धोका संभवतो. बंदिस्त जागेत आगीचेही भय असते. डीझेल फारच कमी बाष्पनशील असल्याने डीझेल गाड्यांत ही यंत्रणा नसते.

मानके : कॅलिफोर्नियात १९७० च्या व उर्वरित अमेरिकेत १९७१ च्या नमुन्यांपासून अशी यंत्रणा सक्तीची झाली. पुढे तेथील संगणकाने सु. १ मिमी. व नंतर अर्धा मिमी. व्यासाच्या छिद्रातून होणारी गळतीही ओळखावी, असा नियम आला. भारतात भारत टप्पा ४ च्या चारचाकी गाड्यांना १ एप्रिल २०१० पासून स्वयंनिदान यंत्रणा आवश्यक झाली. तिचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून व भारत टप्पा ६ ची मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. गाडीच्या मान्यता-चाचणीत बाष्पाची मर्यादा २ ग्रॅ. आहे. मात्र यूरोपीय पद्धतीवर आधारलेल्या या मानकांत संगणकाने विद्युत् झडपेचे मंडल अखंड आहे की नाही, एवढे पाहणे किमान आवश्यक मानले आहे. म्हणून अमेरिकी पुस्तिकांत पहिला उपाय म्हणून सांगितलेले टाकीचे झाकण घट्ट करणे भारतीय गाडीत नेहमीच उपयोगी पडत नाही. येथे झडप, तिची जोडणी व तारा यांकडे आधी लक्ष द्यावे लागते.

दोषनिदान : गाडीच्या निदान-जोडणीला वाचकयंत्र लावून दोषसंकेत प्रथम नोंदवून घेतात. ‘पी ०४४३’ हा संकेत झडपेच्या विद्युत् मंडलातील, ‘पी ०४४१’ प्रवाहातील, तर ‘पी ०४४२’ व ‘पी ०४५५’ हे अनुक्रमे लहान व मोठ्या गळतीचे संकेत होत. मंडलदोष असल्यास जोडणीवरील गंज, उंदरांनी कुरतडलेल्या तारा, वितळतार व वेटोळ्याचा रोध तपासतात. नेहमीच्या प्रकारची झडप वीज नसताना बंद असते. ती काढून फुंकल्यास हवा पार जाता कामा नये, आणि वीज दिल्यावर टिक् असा आवाज होऊन ती उघडली पाहिजे. झडप उघडीच अडकली असेल, तर पेट्रोल भरल्यानंतर एंजिन लवकर सुरू होत नाही. गळती शोधण्यासाठी नळ्यांत कमी दाबाचा धूर सोडतात. या कामी ज्योत किंवा ठिणगी जवळ असू नये. केवळ संकेत पुसून टाकल्यास दिवा विझतो, दोष तसाच राहतो. दोष दूर झाल्यास सामान्यतः सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो.

स्थानिक परिस्थितीचा परिणाम : सातारा व सांगली जिल्ह्यांतील प्रवास हे याचे चांगले उदाहरण होय. सांगली सु. ५५० मी., तर महाबळेश्वर सु. १,३५० मी. उंचीवर आहे. सांगलीच्या उन्हाळ्यात तापलेली गाडी कराड-सातारा मार्गे वाईला येऊन पसरणी घाट चढते, तेव्हा हवेचा दाब सु. नऊ टक्क्यांनी घटतो. टाकीतील बाष्प प्रसरण पावते व डबीवरील भार वाढतो. टाकी काठोकाठ भरलेली असल्यास द्रव पेट्रोल डबीत शिरून कोळसा निकामी होऊ शकतो. यासाठी पंपाची तोटी प्रथम आपोआप बंद होताच भरणे थांबवावे. घाटमाथ्यावरील पावसाने जोडण्या गंजतात, तर कच्च्या रस्त्यांवरील धुळीने डबीचा श्वासमार्ग तुंबतो व तोटी वारंवार बंद पडू लागते. या ऊसपट्ट्यातील कारखान्यांतही तयार होणारे एथेनॉल मूळ पेट्रोलचे घटक न बदलता थोड्या प्रमाणात मिसळल्यास मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. त्यामुळे डबी सुस्थितीत असणे अधिकच गरजेचे ठरते.

चालकाने घ्यावयाची काळजी : दिवा स्थिर, एंजिन सुरळीत आणि पेट्रोलचा वास नसल्यास गाडी सावकाश कार्यशाळेपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असल्यास एंजिनातील ज्वलन चुकत असते व उत्प्रेरक परिवर्तक बिघडण्याचा संभव असतो, म्हणून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. पेट्रोलचा वास येत असल्यास दिवा लागलेला नसला, तरी एंजिन बंद करून सर्वांनी गाडीपासून दूर जावे. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठी केवळ निष्कास नळीतील वायू तपासतात, टाकीतील बाष्प मोजत नाहीत. त्यामुळे प्रमाणपत्र मिळालेल्या गाडीतूनही बाष्प सुटत असू शकते व ते ओळखण्यास हा दिवा, वास आणि नळ्यांची वेळोवेळी तपासणी हीच साधने उरतात.