२०० मिलिमीटर पाऊस म्हणजे किती?

रत्नागिरीत २०० मिलिमीटर पाऊस झाला, हे वृत्त वाचून प्राथमिक शाळेतील मुलांना प्रश्न पडतो : पाऊस पट्टीने कसा मोजणार? तत्त्व मात्र तेच आहे. सपाट तळाच्या, सरळ बाजूंच्या भांड्यात साचलेल्या पाण्याची उंची म्हणजे पाऊस. भांडे उघड्यावर ठेवावे, माडाखाली नव्हे! हवामान खाते सकाळी साडेआठला मागील २४ तासांची नोंद घेते.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा चौरस मीटरच्या अंगणात २०० मिलिमीटरचे दोन हजार लिटर होतात. समुद्रावरील बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंडावतात आणि बरसतात. डोंगरउतारांवरील ते सारे पाणी नदीत एकवटते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या अशाच पाण्याने चिपळूण बुडाले. त्यात समुद्राच्या भरतीची भर पडली.