बांधलेले तोंड मोकळे झाले, त्याची गोष्ट

जबडा मोडलेला माणूस दुखण्यापेक्षा एकाच गोष्टीने हवालदिल होतो: आता जेवायचे कसे? मुखशल्यचिकित्सा शिकत असताना मी हा प्रश्न कितीदा तरी ऐकला. उत्तर ठरलेले असे. वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधायचे आणि चार ते सहा आठवडे तोंड बंद! पेज, ताक, वरणाचे पाणी दातांच्या फटींतून ओढायचे. माणूस वाळून जाई. उलटी झाली तर जीव गुदमरेल, म्हणून तार कापण्याचे हत्यार उशाशी ठेवावे लागे.

ही शिक्षा कमी केली ती बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या पट्टीने. लहान पट्ट्यांचा मार्ग फ्रान्समध्ये मिशेले यांनी दाखवला होता. स्ट्रासबूर्गच्या मॅक्सिम शांपी यांनी त्याला शास्त्राची बैठक दिली आणि 1978 साली आपले अनुभव जगापुढे मांडले.

त्यांचा विचार साधा होता. घास चावताना मोडलेला खालचा जबडा वरच्या कडेला फाकतो आणि खालच्या कडेला मिटतो. मग फाकणाऱ्या रेषेवरच पट्टी बसवली तर? चावण्याचा जोरच उरलेली फट मिटवतो. जबड्याच्या कोनाशी एक पट्टी पुरते. हनुवटीपाशी हाड पिळवटते, म्हणून तिथे दोन लागतात. स्क्रू हाडाच्या बाहेरच्या थरातच थांबतात, त्यामुळे आतली नस आणि दातांची मुळे सांभाळता येतात. छेद तोंडाच्या आतून घेतला, की चेहऱ्यावर व्रणही राहत नाही.

शस्त्रक्रियेत आम्ही आधी दात जुळवतो, मग हाड. दात नीट बसले की पट्टी लावायची आणि बहुतेकदा रुग्ण शुद्धीवर येण्याआधीच तारा सोडायच्या. टिटॅनियम शरीराला मानवते. त्रास झाला नाही तर पट्टी आतच राहते. काही आठवडे मऊ भात-खिचडीच खावी लागते, पण तोंड उघडते, बोलता येते.

हाडाचा चुरा झाला असेल तर मात्र जाड पट्टी लागते. काही मोडींना आजही तारांचाच आधार घ्यावा लागतो.

म्हणून वाचकहो, एवढे ध्यानात असू द्या. पडल्यावर दात पूर्वीसारखे जुळत नसतील किंवा खालचा ओठ बधिर वाटत असेल, तर 'नुसती सूज आहे' म्हणून घरी बसू नका. आणि दुचाकीवर निघालेल्या मुलाला हनुवटी झाकणारे हेल्मेट घ्यायला लावा. अर्धे हेल्मेट डोके वाचवील. जबडा उघडाच राहील.