पप्पा म्हणले, कुणाला सांगू नको

मार्चचा शेवटचा आठवडा होता. हंगाम उतरणीला लागलेला, रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्या कमी झालेल्या. संध्याकाळी दिरांचे मामा आले. बोअर घेताना त्यांच्याकडून हातउसने आणलेले पैसे द्यायचे राहिले होते. चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं आणि विषय निघालाच. दीर म्हणाले, "मामा, ऊसबिल जमा झालं की पहिलं तुमचं."

साडेचार वर्षांचा पुतण्या उंबऱ्याशी बसून खेळण्यातल्या ट्रॉलीत माती भरत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पप्पा, बिल परवाच आलं की. तुम्ही आज्जीला म्हणला, कुणाला सांगू नको."

मामांनी कप बशीत ठेवला. सासूबाई आत निघून गेल्या. दिरांचा चेहरा मला बघवेना. मामा मोठ्या मनाचे. ते हसले, पोराला मांडीवर घेतलं, "तूच खरा कारभारी रे," म्हणाले. पैसे आठ दिवसांत पोचले. पण मामांची गाडी फाट्याला लागायच्या आत पोराच्या पाठीत रट्टा बसला. रडून झाल्यावर ते माझ्याकडं आलं आणि विचारू लागलं, "काकू, खोटं बोललं तर मारत्यात. मी तर खरं बोललो. मग का मारलं?"

मला उत्तर देता आलं नाही. सोमेश्वरनगरात राहून, घरात दोन पोरं वाढवून हा प्रश्न मला पडला नव्हता. तेव्हापासून मी त्या प्रश्नाच्या मागं लागले, जे मिळालं ते वाचलं, आणि आज एवढं ठामपणे सांगू शकते: त्या पोरानं चुगली केली नव्हती. चुगली करायला जे लागतं, ते त्याच्याकडं अजून तयारच झालं नव्हतं.

गुपित राखायचं तर आधी काय कळावं लागतं, याचा विचार करून बघा. मला जे ठाऊक आहे, ते मामांना ठाऊक नाही. ते कळलं तर मामांना काहीतरी वाटेल. पप्पांना ते मामांना कळू द्यायचं नाही. एका वाक्यात तीन माणसांची तीन मनं वेगवेगळी धरावी लागतात. आपण हे चहा ओतता ओतता करतो. साडेचार वर्षांच्या पोराला ते नुकतंच कुठं जमू लागलेलं असतं. शिवाय 'कुणाला सांगू नको' हे आज्जीला सांगितलं होतं, त्याला नाही. त्यानं तेही जसंच्या तसं सांगितलं.

ऑस्ट्रियात हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या दोघांनी १९८३ साली याचा एक सुंदर प्रयोग छापला. मुलांना एक गोष्ट सांगायची. एका मुलानं चॉकलेट एका कपाटात ठेवलं आणि तो खेळायला गेला. मागं आईनं ते काढून दुसऱ्या कपाटात ठेवलं. मुलगा परत आला, तर तो चॉकलेट कुठं शोधेल? तीन वर्षांची मुलं आईनं चॉकलेट ठेवलेलं, म्हणजे खरं कपाट दाखवत. त्यांना ठाऊक आहे ना चॉकलेट कुठं आहे, मग त्या मुलालाही ठाऊक असणारच! चार-पाच वर्षांपासून पुढं मुलं म्हणू लागतात, तो पहिल्याच कपाटाकडं जाईल, बिचाऱ्याला कुठं माहीत आहे. घरात हे सहज करून बघता येतं. मी पुतण्याला गुळाचा खडा आणि दोन डबे घेऊन हीच गोष्ट सांगितली. त्यानं खरा डबा दाखवला आणि वर म्हणाला, "त्याला सांगायचं की, तिकडं हाय म्हणून." गुपित म्हणजे काय, हे या वयात असं असतं.

दुसरी गोष्ट आवरण्याची. कळलं तरी जिभेवर आलेलं मागं घेणं हे वेगळं कसब आहे. १९९४ साली छापलेल्या एका अभ्यासात मुलांना सूर्याचं चित्र दाखवून 'रात्र' म्हणायला सांगितलं होतं आणि चंद्राचं दाखवून 'दिवस'. लहान मुलांना नियम पाठ असे, तोंडातून मात्र उलटंच निघे. मला हे वाचताना आपली 'चिमणी उड, कावळा उड' आठवली. "म्हैस उड" म्हटल्यावर तीन वर्षांच्या पोराचं बोट वर जातंच. म्हैस उडत नाही हे त्याला चांगलं ठाऊक आहे, दारातच बांधलेली आहे. पण बोट थांबत नाही. तसंच जिभेचं. 'शिवाजी म्हणतो' हा खेळही तोच. आपल्या आज्यांनी हे खेळ मेंदूचा विचार करून रचले नसतील, पण नेमकं तेच शिकवत आले आहेत: थांब, मग कर.

इथंच सगळं संपलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २००२ साली छापलेल्या अभ्यासानं मला वेगळ्याच विचारात टाकलं. एका परक्या माणसाच्या नाकावर लाल डाग लावायचा आणि त्यानं तीन ते सात वर्षांच्या मुलाला विचारायचं, "माझा फोटो काढ. मी बरा दिसतोय ना?" बहुतेक मुलं म्हणाली, हो. तो माणूस गेल्यावर दुसऱ्यानं विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं की बरा दिसत नव्हता. म्हणजे तीन-चार वर्षांचं मूलही परक्यासमोर जपून बोलतं. मग घरात का नाही बोलत?

मला वाटतं, घरात त्याला गरज वाटत नाही म्हणून. माझी मुलगी चार वर्षांची असताना माझ्या पोटावर डोकं ठेवून म्हणाली, "मम्मी, तुझं पोट मऊ मऊ हाय. बाळ हाय का आत?" मी म्हटलं, नाही गं. "मग काय हाय?" भाकरी आहे, असं म्हटलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "घरातल्या सगळ्या?" त्याच आठवड्यात कारखान्यातून पाळी संपवून आलेल्या बापाच्या गळ्यात पडून तिनं सांगितलं, "पप्पा, तुम्हाला मळीचा वास येतो," आणि गळ्यातले हात सोडले नाहीत. तेच मूल अंगणवाडीत दोन महिने बाईंशी अक्षर बोललं नव्हतं. वास येतो हे सांगणं आणि गळा न सोडणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणारं माणूस आयुष्यात पुन्हा भेटत नाही.

मराठी घरात आणखी एक गंमत आहे. आपल्याकडं नात्यागणिक हाक बदलते आणि मूल कानावर पडेल ती उचलतं. माझे सासरे त्यांच्या आईला शेवटपर्यंत 'वहिनी' म्हणायचे, कारण चार चुलते तिला तसंच म्हणायचे. माझी मुलगी बरेच दिवस बापाला "अहो, मोबाईल द्या की" म्हणत होती. तिच्या लेखी 'अहो' हे त्यांचं नाव होतं. आदर कुठला आणि लाड कुठला, तिला काय ठाऊक? ती आज्जीला एकदा म्हणाली, "आई, तुम्ही जरा गप बसा की." 'आई' काय, 'तुम्ही' काय, सगळं व्यवस्थित. आज्जी बघतच राहिल्या. हे वाक्य घरात कुणाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझंच होतं. पोरीला रागवायला माझं तोंड उघडेना.

बोलण्याचे नियमही मूल असेच स्वतः शोधून लावत असतं. 'बसला', 'उठला' ऐकून ते 'गेला'च्या जागी 'जाला' म्हणतं, 'केलं'च्या जागी 'करलं' म्हणतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, कारण मोठं माणूस असं बोलतच नाही. नियम त्यानं ओळखलेला असतो, अपवाद तेवढा माहीत नसतो. खरं बोलावं हा नियमही ते असाच सरसकट लावतं. अपवाद आपण पुढं शिकवतो, आणि ते किती आहेत हे मोजायला बसलं तर आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

काही बोलणी मात्र जिव्हारी लागतात. "आज्जी, तू कधी मरणार? मला तुझी खाट पाहिजे." शेजारच्या घरात हे ऐकून सून थरथर कापायला लागली होती. म्हातारी शहाणी. "मरते की, आधी तुझं लगीन बघू दे," म्हणाली आणि त्याला खाटेवर ओढून घेतलं. या वयात मरण म्हणजे परत न येणं हे मुलाला उमगलेलं नसतं. मामाच्या गावाला जावं तसं आज्जी कुठंतरी जाईल, तोवर खाट मोकळी, एवढाच हिशोब. 'मेलं का रे ते पोर' असं आपण दिवसातून दहादा म्हणतो, आणि तो शब्द त्याच्या तोंडून आला की अंगावर काटा येतो.

गेल्या हंगामात कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्यांकडं जुने कपडे घेऊन गेले होते. बीडकडचं एक कुटुंब होतं. आई पहाटेपासून फडात, नुकतीच परतलेली, तीन दगडांच्या चुलीपाशी बसलेली. तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला तशी पोरगी मागं सरकली. "आई, तुझा हात उसाच्या पाल्यावानी टोचतो." आईनं हात पदराखाली घेतला. पोरीनं लगेच तो ओढून काढला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "हितं ठेव. हितं केस हायेत, टोचत न्हाय." मग तिनं बापाला विचारलं, "मुकादम आपल्याला एक कोयता का म्हणतो? आपले तर दोन हायेत." नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, त्याच हिशोबानं उचल मिळते, हे बापानं समजावलं. पोरगी म्हणाली, "मग मी त्यात हाय का न्हाय?" बाप तंबाखू मळत राहिला. मोठ्या माणसांच्या किती बैठकांत हा प्रश्न इतका सरळ विचारला गेला असेल?

आषाढी वारीसाठी संत सोपानकाकांची पालखी सासवडहून निघते आणि निंबुत, सोमेश्वरनगर करत पुढं बारामतीकडं जाते. पालखी दारावरून जाताना मला दरवर्षी सोपानदेवांची धाकटी, अशीच सरळ बोलणारी बहीण मुक्ताबाई आठवते. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं, तेव्हा इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाली, अशी कथा आपण ऐकत आलो. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, त्या कथेतही पुढाकार तिचाच. आपल्या परंपरेनं तिच्या तोंडावर हात ठेवला नाही. चांगदेवांनी तिलाच गुरू केलं. ही कथा कीर्तनात ऐकून डोळे पुसणारी माणसं आम्हीच, आणि घरी येऊन पोराच्या पाठीत रट्टा घालणारीही आम्हीच.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरच्या बालमंदिरात मुलांना न मारता, न दटावता शिकवून दाखवलं. ताराबाई पुढं बोर्डीला आणि कोसबाडला गेल्या, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारच्या बालविकास योजनेत गावोगाव अंगणवाड्या निघाल्या, त्यामागं त्यांच्या कामाचाही वाटा आहे. अंगणवाडीचा खाऊ आपण घेतला. न मारणं मात्र अजून घरात आलेलं नाही.

मग करायचं काय? त्या क्षणी काही करूच नये, असं माझं मत झालं आहे. पाहुण्यांची माफी आपण मागावी, मुलाला मागायला लावू नये. पाहुणे गेल्यावर, भांडी घासता घासता सांगावं: तू बोललास ते खरं होतं, पण मामांना वाईट वाटलं असेल, ते आपण घरात बोलायचं होतं. 'वाटलं असेल' हा शब्द महत्त्वाचा. दुसऱ्याच्या मनाकडं जायची वाट तिथून सुरू होते.

आणि एक कळकळीनं सांगते. मूल असं काही बोललं की लगेच मोबाईल पुढं धरून "परत म्हण बरं" करू नका. पहिल्यांदा ते तुमच्याशी बोललेलं असतं, दुसऱ्यांदा ते हशासाठी बोलतं. आणि ती चित्रफीत पाचशे माणसांना दाखवायची परवानगी त्यानं कधीच दिलेली नसते. लिहून ठेवा. कोर्नेय चुकोव्स्की या रशियन लेखकानं मुलांचं बोलणं आयुष्यभर टिपून 'दोन ते पाच' नावाचं पुस्तक केलं. आईबाप त्याला पत्रांतून आपल्या मुलांची वाक्यं कळवत. आमच्या घरी दुधाच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर अशी वाक्यं आहेत. पोटातल्या भाकरीचं त्यात आहे, मळीच्या वासाचं आहे. एक भाकरी करपली होती तेव्हाचं, "ही कुत्र्याला घाल, पण त्याला पण आवडणार न्हाय," तेही आहे.

मुलगी आता साडेसहा वर्षांची आहे. परवा सासूबाईंना दवाखान्यात नेऊन यायला उशीर झाला, घाईत भाकरी पुन्हा करपली. ती समोर बसून खात होती. मी विचारलं, "बरी झालीय का गं?" तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, जरा वेळ बघतच राहिली आणि म्हणाली, "छान झालीय मम्मी." जेवून हात धुवायला गेली. मी ताट उचललं तर ताटाखाली काळा तुकडा सरकवून ठेवलेला होता.

मी तो गाईच्या घमेल्यात टाकला. तिला काही विचारलं नाही. वहीत त्या दिवसाची तारीख घातली आणि पुढं काय लिहावं ते बराच वेळ सुचलं नाही.