भाड्याचे घर शोधताना

खेड्यात घराला भाडे नसते. म्हणून त्याची किंमत आपणांस मुले शिकावयास निघाली म्हणजेच कळते. मग भालकी-औरादकडचा बाप बिदरला आणि हुमनाबाद-बसवकल्याणकडचा कलबुर्गीला जातो, गल्लोगल्ली हिंडतो, आणि आकडे ऐकून हिरमुसला होऊन परततो. आमचे वडीलधारे ज्याला गुलबर्गा म्हणत, त्या कलबुर्गीत १९८० साली विद्यापीठ आले, बिदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आले. ती सोय झाली खरी. परंतु महाविद्यालयांच्या आसपास खोल्यांची मागणीही वाढली.

अशा वेळी आम्ही सुचवितो, की केवळ महाविद्यालयाच्या दारात घर शोधू नये. २०१७ च्या ऑक्टोबरात बिदर-कलबुर्गी लोहमार्ग पूर्ण झाला. हुमनाबाद व कमलापूर ही गावे त्याच मार्गावर आहेत. गाडीची वेळ वर्गाच्या वेळेशी जुळत असेल, तर घरून जाऊन-येऊन शिकणे परवडते का, हे आधी पाहावे. मात्र भाड्यात वाचलेला पैसा प्रवासात जात नाही ना, याचा हिशेब मांडावा. पाणी, वीज यांचे पैसे भाड्यात धरले आहेत की निराळे, आणि वैशाखात नळाला पाणी येते का, हे मालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारावे.

करार तोंडी करू नये. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून बहुधा अकरा महिन्यांचाच करार लिहितात. अनामत किती, ती केव्हा परत मिळणार आणि रंगसफेदीचे पैसे कापणार का, हे त्यात स्पष्ट असावे. कागद कानडीत असल्यास जाणत्याकडून वाचून घेतल्यावाचून सही करू नये. यात लाज कसली? दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

कर्नाटकात ‘भोग्य’ अथवा ‘लीज’ अशीही रीत आहे. मोठी रक्कम एकदम द्यावयाची, भाडे द्यावयाचे नाही, आणि मुदतीअंती रक्कम परत घ्यावयाची. ऐकावयास गोड वाटते. पण घरावर आधीच बँकेचे कर्ज असले, किंवा मालकाने ती रक्कम खर्चून टाकली, तर आपली पुंजी अडकते. त्यासाठी जमीन विकणे किंवा दागिने मोडणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

दोन-तीन कुटुंबांनी मिळून मुलांसाठी एक घर घ्यावे, हा मार्ग आम्हांस अधिक बरा वाटतो. भाडे वाटले जाते, स्वयंपाकाची चूल एक होते, आणि परगावी आजारी पडलेल्या लेकराच्या उशाशी बसावयास कोणी तरी आपले असते.