नक्षीचा पाणिनी

स्पेनमधल्या ग्रॅनडा शहरातला अलहाम्ब्रा राजवाडा एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्रवाशांना वेड लावत होता. पडके मनोरे, चांदणं, राज्य गमावलेला सुलतान. कवींना एवढं पुरे होतं. १८३४ मध्ये तिथे पोहोचलेला पंचविशीतला लंडनकर वास्तुविशारद ओवेन जोन्स मात्र मोजपट्टी घेऊन भिंतींना भिडला.

सोबत ज्यूल गूरी हा फ्रेंच वास्तुविशारद होता. अथेन्समध्ये दोघांची गाठ पडली, मग कैरो आणि इस्तंबूल पाहून ते इथे आले. मोजमापं, रेखाटनं, ठसे असं काम जोरात चाललं असतानाच ऑगस्टमध्ये गूरी पटकीने गेला. जोन्स १८३७ मध्ये पुन्हा ग्रॅनडाला गेला आणि उरलेलं काम एकट्याने पुरं केलं.

भिंतीत त्याला काय सापडलं? वरवर बेभान वाटणाऱ्या वेलबुट्टीखाली चौकोन-त्रिकोणांची काटेकोर जाळी होती. प्रत्येक फांदी मूळ देठापर्यंत मागे नेता येत होती. लांबून मोठे आकार दिसायचे, जवळ गेलं की त्यांच्या पोटातली नक्षी उलगडायची. गिलाव्यावरच्या रंगांनाही शिस्त होती: खोल खाचेत लाल, सावलीत निळा, उजेड पडेल तिथे सोनेरी.

हे छापायचं तर रंगीत शिळाछपाई हवी, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड. (पुढे मुंबईत रविवर्मा प्रेसने देवादिकांची चित्रं याच तंत्राने घरोघरी नेली.) लंडनच्या छापखान्यांकडून मनासारखं काम होईना, तेव्हा जोन्सने स्वतःच छपाई आरंभली. १८३६ ते १८४५ या काळात अलहाम्ब्रावरचा त्याचा ग्रंथ बारा भागांत निघाला. वडिलोपार्जित मालमत्तेतला काही भाग त्यापायी विकावा लागला. व्यवहार आतबट्ट्याचा, पण नाव झालं.

त्या नावावरच १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात क्रिस्टल पॅलेसचं रंगकाम त्याच्याकडे आलं. सुमारे ५६३ मीटर लांबीच्या त्या लोखंड-काचेच्या इमारतीला आतून निळा, लाल, पिवळा रंग द्यायचं त्याने ठरवलं आणि वर्तमानपत्रांनी त्याला फाडून खाल्लं. इमारत उघडली तेव्हा दुरून ते रंग एकमेकांत मिसळून धुकट निळाई पसरली, आणि टीकेचा सूर बदलला. प्रदर्शनातल्या भारतीय कापडांवर तो स्वतः मात्र बेहद्द खूश होता. इंग्रज कारखानदारांच्या गालिच्यांवर खरीखुरी वाटणारी फुलं पसरलेली असत. भारतीय विणकर पृष्ठभाग सपाट आहे हे कधी विसरत नव्हता.

१८५६ मध्ये जोन्सचं ‘द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’, म्हणजे नक्षीचं व्याकरण, आलं: शंभर रंगीत पानं, वीस प्रकरणं आणि सुरुवातीला ३७ सूत्रं. बांधणीला सजवावं, सजावटीसाठी बांधू नये. फूल जसंच्या तसं न काढता त्याचं संकेतरूप घ्यावं. नक्षीला भूमितीचा पाया हवा. भारतीय आणि फारसी नक्षीला त्यात मानाचं स्थान आहे. हिंदू शिल्पनक्षीचं प्रकरण मात्र तोकडं आहे, आणि ते आपल्याला खटकणारच. इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसच्या संग्रही हे पुस्तक होतं, तर पुढे नामवंत वास्तुविशारद झालेल्या अमेरिकन फ्रँक लॉइड राइटने तरुणपणी त्यातली चित्रं गिरवली होती.

जोन्सला मात्र गिरवणंच नको होतं. जुन्या शैलींची नक्कल थांबावी म्हणूनच हा खटाटोप, असं त्याने प्रस्तावनेतच बजावलं. तरी १८७४ मध्ये तो वारल्यानंतरही कारखानदार त्याची पानं नमुने म्हणूनच वापरत राहिले. पुस्तक हाती आलं, तर चित्रं जरा बाजूला ठेवा आणि आधी ती ३७ सूत्रं वाचा.