उल्लेखांची गणना आणि वाल्टर बाउर

विद्वानाच्या कार्याचें मोल कसें ठरवावें, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचें उत्तर आंकड्यांनीं द्यावें, ही कल्पना मात्र अलीकडची. युजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनीं १९६४ सालीं शास्त्रीय नियतकालिकांतील संदर्भांची एक सूची प्रसिद्ध केली. अमुक लेखाचा उल्लेख पुढील किती लेखांच्या तळटीपांत झाला, हें तींत पाहतां येई. २००५ सालीं हिर्श नांवाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें याहून सुटसुटीत माप सुचविलें. ज्याच्या दहा लेखनांचा प्रत्येकीं निदान दहा वेळां उल्लेख झाला, त्याचा अंक दहा. वीसांचा वीस वेळां झाला, तर वीस. पदार्थविज्ञानांत हें माप बरें चालतें. परंतु आद्य ख्रिस्ती धर्माच्या इतिहासासारख्या विषयांत तें लावूं गेल्यास काय होतें, तें वाल्टर बाउर यांच्या उदाहरणावरून चांगलें कळतें.

बाउर (१८७७–१९६०) हे जर्मनींतील गटिंगेन विद्यापीठांत प्राध्यापक होते. १९३४ सालीं त्यांनीं आद्य ख्रिस्ती काळांतील सन्मत आणि पाखंड यांविषयीं एक ग्रंथ लिहिला. चौथ्या शतकांतील इतिहासकार युसेबियस यानें घालून दिलेली समजूत अशी कीं, आरंभीं शुद्ध मत होतें आणि मागाहून पाखंडी लोकांनीं तें बिघडविलें. बाउर यांनीं एकेक प्रांत घेऊन ही समजूत तपासली. सीरियाच्या सीमेवरील एडेसा नगरींत मार्सियन व बार्डेसान यांचे अनुयायीच आधीं प्रबळ होते. पुढें ज्यांना सन्मतवादी म्हटलें गेलें, त्यांना तेथें पालूट नामक बिशपावरून ‘पालूटचे लोक’ असें म्हणत, असें त्यांनीं दाखविलें. म्हणजे ‘ख्रिस्ती’ हें साधें नांव दुसऱ्यांनींच अडवून धरलेलें! ईजिप्तविषयींहि त्यांनीं असेंच अनुमान काढलें. जें मत अखेर सर्वत्र मान्य झालें, तें मुख्यतः रोमच्या मंडळीच्या वजनामुळें, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ग्रंथ धाडसी होता. पण तो जर्मन भाषेंत, आणि पांच वर्षांत महायुद्ध पेटलें. इंग्रजी वाचकवर्गांत त्याचा बोलबाला फारसा झाला नाहीं. १९५४ सालीं टर्नर या इंग्रज पंडितांनीं त्याला सविस्तर उत्तर दिलें. मधल्या काळांत, १९४५ सालीं, ईजिप्तमध्यें नाग हम्मादी येथें कॉप्टिक भाषेंतील जुन्या पोथ्या एका मडक्यांत सांपडल्या, आणि ज्यांचीं मतें केवळ त्यांच्या विरोधकांच्या तोंडून ठाऊक होतीं, त्यांचें स्वतःचें वाङ्मय हातीं आलें. आतां बाउर यांच्या प्रश्नाला धार आली. १९६४ सालीं ग्रंथाची दुसरी आवृत्ति निघाली, १९७१ सालीं इंग्रजी भाषांतर झालें, आणि त्यानंतर त्याचा उल्लेख टाळून या विषयावर लिहिणें अवघड होऊन बसलें. तोंवर ग्रंथकार निवर्तून अकरा वर्षें लोटलीं होतीं. १९५० सालीं कोणी मोजदाद केली असती, तर हा ग्रंथ अपयशी ठरला असता.

हे उल्लेख सगळे स्तुतीचे आहेत असेंहि नाहीं. कॉलिन रॉबर्ट्स यांनीं १९७९ सालीं ईजिप्तमधील अतिप्राचीन ख्रिस्ती पपायरसांची छाननी करून दाखविलें कीं, त्यांत पाखंडी म्हणतां येईल असें फारच थोडें आहे. १९८८ सालीं टॉमस रॉबिन्सन यांनीं इफिसस व पश्चिम आशिया मायनर यांविषयींचीं बाउर यांचीं विधानें पुराव्यावर टिकत नाहींत, असें प्रतिपादिलें. असें प्रत्येक खंडन बाउर यांच्या नांवें एकेक उल्लेख जमा करतें. गणकयंत्राला होकार आणि नकार यांतील भेद कळत नाहीं. आणि कळला, तरी काय करावें? उत्तर चुकलें, पण प्रश्न राहिला, अशा ग्रंथाचें मोल थोडें नव्हे.

हिर्श यांच्या मापाची गंमत आणखी निराळी. असा एक ग्रंथ हजार वेळां उल्लेखिला गेला, तरी त्यानें कर्त्याचा अंक एकानेंच वाढतो. वर्षाकांठीं दहा लहान लेख लिहिणारा मनुष्य सहज पुढें जातो.

बाउर यांचें दुसरें मोठें काम तर मोजणींतून जवळजवळ निसटतेंच. प्रॉइशेन यांचा नव्या कराराचा ग्रीक-जर्मन कोश १९१० सालीं निघाला होता. त्यांच्या मृत्यूनंतर बाउर यांनीं तो हातीं घेऊन १९२८ सालीं नव्यानें सिद्ध केला आणि पुढें, शब्दांना समकालीन दाखले मिळावेत म्हणून, ग्रीक वाङ्मय पुनः चाळून चौथी आवृत्ति तयार केली. १९५७ सालीं तो इंग्रजींत आला. नव्या कराराचें ग्रीक शिकणारा विद्यार्थी तो रोज उघडतो, अर्थ पाहतो आणि मिटतो. तळटीप लिहीत नाहीं. २००० सालच्या इंग्रजी आवृत्तीला वर्गांत संपादकांच्या चार आद्याक्षरांनींच ओळखतात. त्यांतलें पहिलें अक्षर बाउर यांचें आहे.